आपली बाग : मिल्टन कीन्समध्ये वाल शेंग का धरत नाही?



मिल्टन कीन्समध्ये घरामागे किंवा अलॉटमेंटवर भाजी लावणाऱ्या आपल्या मंडळींचं एक दुःख सारखं आहे. मे महिन्यात वाल पेरला, वेल काठीवर भराभर चढला, पानं हिरवीगार झाली, पण सप्टेंबर आला तरी फूल नाही. मग कोणी म्हणतं बी जुनं, कोणी म्हणतं खत कमी पडलं. खरं कारण आहे दिवसाची लांबी. ते एकदा कळलं की इथल्या बागेतल्या निम्म्या अडचणी सुटतात.

मुलांनो, आजी-आजोबांच्या कोकणात वर्षातला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वात लहान अकरा तासांचा. फरक थोडाच. मिल्टन कीन्स ५२ अंश उत्तरेला आहे. इथे २१ जूनच्या सुमारास सूर्य पहाटे पावणेपाचला उगवतो आणि रात्री साडेनऊच्या आसपास मावळतो. डिसेंबरात मात्र दिवस पावणेआठ तासांतच संपतो.

आता वालाकडे बघा. अलिबाग-पेणकडे भात कापून झालं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतातल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरतात आणि पोपटीची मडकी लागतात. हे सगळे दिवस लहान आणि रात्री लांब. वालाच्या जुन्या गावठी जाती लांब रात्रीची खूण मिळाली की मगच फुलतात. इथे जूनची रात्र जेमतेम सव्वासात तासांची! वेल बिचारा वाट बघत नुसता वाढत राहतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र सारखे होतात, तोवर हवा गार झालेली असते, आणि ऑक्टोबरात पहिलं दंव पडलं की वेल काळा पडतो.

मग बिरडं विसरायचं का? ज्या सणाच्या नावातच बिरडं आहे, त्या बिरड्याच्या सणाला काय करायचं? दुकानातले सुके वाल आहेतच. पण नातवंडांच्या हातून पेरलेलं, आपल्या मातीतलं हवं असेल तर ब्रॉड बीन लावा. ही शेंग थंडीची. ‘ॲक्वाडुल्स क्लॉडिया’ ही जात ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पेरतात. रोप हिवाळाभर जमिनीत टिकतं आणि जूनच्या सुमारास शेंगा देतं. इतर जाती मार्च-एप्रिलात पेरा, म्हणजे जुलै-ऑगस्टात येणाऱ्या सणाला ताजे दाणे हाताशी येतील. बी दोन इंच खोल, आठ इंचांवर एक. खाली शेंगा धरू लागल्या की शेंडा खुडा, काळा मावा कमी लागतो.

दाणे उकळत्या पाण्यातून काढून वरची जाड साल चिमटीने सोला, अगदी वाल सोलतो तसेच. मग नारळाचं दूध, आमसूल घालून नेहमीसारखं बिरडं. वालाचा कडवटपणा त्यात नाही, पण पानात वाढल्यावर कोणी उठून जाणार नाही! मात्र एक गोष्ट गंभीरपणे सांगते. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या घटकाची कमतरता आहे, त्यांनी ब्रॉड बीन मुळीच खाऊ नये, रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकतं. हा दोष घराण्यातून येतो आणि काही ज्यू समाजांत बराच आढळतो. घरात कोणाला असेल किंवा शंका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोथिंबिरीचं गणितही उजेडाचंच, पण उलटं. लांब दिवसात ती लवकर तुऱ्यावर जाते. म्हणून एकदम वाफाभर न पेरता एप्रिलपासून दर तीन आठवड्यांनी मूठभर धणे पेरा. ऑगस्टात पेरलेली जास्त दिवस पानं देते. मेथी मे ते ऑगस्ट कधीही. टोमॅटो, मिरची, दुधी यांची रोपं मात्र मेच्या मध्याआधी बाहेर लावू नका. एप्रिलचं ऊन फसवं असतं, रात्री दंव पडतं. जवळच्या वोबर्नला २५ फेब्रुवारी १९४७ रोजी पारा उणे २० अंशांच्याही खाली गेला होता, आणि १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. थंडी आणि ऊन, दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

पावसाबद्दल आपला मोठा गैरसमज असतो. मिल्टन कीन्सला वर्षभरात जेमतेम ६०० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो! इथे तो बारा महिने रिमझिमतो म्हणून जास्त वाटतो. तेव्हा छताचं पाणी पिंपात साठवा. माती बहुतेक ठिकाणी चिकण, ब्लेचलीजवळ तिच्या विटा भाजत असत. ओली असताना तिच्यावर चालू नका, खणूही नका. शरद ऋतूत वर कुजलेलं खत पसरा, बाकीचं काम गांडुळं करतील.

झाड लावायचं असेल तर तू बिश्वात लक्षात ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत, एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतो त्या दिवसांत, इथे सगळं उघडंबोडकं दिसतं. पण मुळं मोकळी असलेलं सफरचंदाचं किंवा प्लमचं रोप लावायचा काळ नोव्हेंबर ते मार्च हाच. झाड झोपलेलं असताना हलवलं की त्याला कळत नाही. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली नसली म्हणजे झालं.

मुलांसाठी काम : एका कुंडीत वाल, एका कुंडीत ब्रॉड बीन पेरा. दर शनिवार सोडून रविवारी उंची मोजा, फूल कधी आलं ते वहीत लिहा आणि शेजारी त्या दिवशीची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ लिहा. जमलं तर २१ जूनच्या पहाटे मोठ्यांबरोबर मिडसमर बुलेवारवर जा. शहर आखणाऱ्यांनी तो रस्ता त्या दिवशीच्या सूर्योदयाच्या दिशेने ठेवला आहे. वाल ज्याची वाट बघतो ती लांब रात्र त्या दिवशी सर्वात दूर असते.

आणि हो, भारतातून बी पिशवीत घालून आणू नका, त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. पुढच्या अंकात लसणीबद्दल बोलू.