वेळापत्रक की टिपणवही?



परीक्षा जवळ आली की आपण सर्वांत आधी काय करतो? अभ्यास? छे, वेळापत्रक! कोरा कागद घ्यायचा, पट्टीने चौकटी आखायच्या आणि दोन-तीन रंगांच्या शाईने भरायच्या. पहाटे ५ ते ६ गणित, ६ ते ७ विज्ञान, सायंकाळी ७ ते ८ इंग्रजी. कागद भिंतीवर चिकटला की जणू निम्मा अभ्यास झाल्याचेच समाधान मिळते. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे येतात. तिसऱ्या दिवशी वीज जाते. आठवड्याने आपण त्या भिंतीकडे पाहायचेच टाळू लागतो. मनावरचा ताण कमी व्हावा म्हणून केलेला कागद ताणात भरच घालतो, आणि वर 'तुला नियोजनच जमत नाही' हा शेरा मिळतो तो वेगळाच.

माझे मत असे आहे की यात दोष बहुतेक वेळा विद्यार्थ्याचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. आपल्याला वेळापत्रकापेक्षा एका साध्या टिपणवहीची अधिक गरज आहे. हे मत पटते का, ते तुम्हीच तपासून पाहा.

वेळ कोणाच्या मालकीचा?

समजा, तुम्ही बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, नांदूरघाट येथे राहता आणि यंदा दहावीला आहात. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, ती माणसे परत येत नाहीत. दहावीची परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे परीक्षेचा सगळा काळ कित्येक मुलामुलींना आई-वडिलांशिवाय, आजीसोबत काढावा लागतो. धाकट्या भावाला शाळेत पोचवायचे, शेळीला चारा टाकायचा, पाणी भरायचे, आजीचे औषध आणायचे आणि मग अभ्यास करायचा.

अशा घरात 'सायंकाळी ७ ते ८ इंग्रजी' या चौकटीला काय अर्थ आहे? नळाला किंवा टँकरला पाणी केव्हा येईल, वीज केव्हा जाईल, आजीला केव्हा बरे वाटेनासे होईल, हे चौकटीला ठाऊक नसते. आपला वेळ पूर्णपणे आपल्या मालकीचा आहे असे वेळापत्रक गृहीत धरते, आणि ते गृहीतच चुकीचे असते.

वेळापत्रकाचे दुसरे गृहीतही असेच कच्चे आहे. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे आपल्याला आधी कळते, असे ते मानते. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की असे अंदाज बांधताना माणसे बहुधा एकाच बाजूला चुकतात. ती वेळ कमी धरतात. पुढे १९९४ मध्ये कॅनडातील संशोधकांनी आपला प्रबंध पूर्ण करीत असलेल्या ३७ विद्यार्थ्यांना विचारले, "किती दिवस लागतील?" सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. "सगळेच बिनसले तर?" सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवसांहून अधिक! म्हणजे सर्वांत वाईट अंदाजही अपुरा पडला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची ही गत असेल, तर तुमचे वेळापत्रक कोसळले यात लाज कसली?

मनाची ओंजळ

मग काहीच न ठरवता राहावे काय? तेही बरोबर नाही. कामे डोक्यात ठेवली की ती तिथे गप्प बसत नाहीत.

१९२७ मध्ये बर्लिनमधील ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिने लोकांना छोटी छोटी कामे दिली, त्यांपैकी निम्मी पूर्ण करू दिली आणि निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारले तेव्हा पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे लोकांना सुमारे दुप्पट आठवली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नंतरच्या अनेक प्रयोगांत आठवणीतला हा फरक दर वेळी दिसला नाही. मात्र तिचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिने १९२८ मध्ये मांडलेली गोष्ट अधिक पक्की ठरली. ती अशी, की अर्धवट राहिलेल्या कामाकडे माणूस पुन्हा पुन्हा ओढला जातो. हा तुमचाही अनुभव असेल. इतिहासाचे पुस्तक उघडावे आणि मनात यावे, 'अरे, विज्ञानाची प्रयोगवही राहिली!'

त्यात आपल्या कार्यस्मृतीची, म्हणजे या क्षणी मनात खेळवता येणाऱ्या गोष्टींची, ओंजळ फार लहान आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सुमारे सात गोष्टींची सांगितली. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये पुराव्यांची छाननी करून ती चारच्या आसपास असल्याचे मांडले. त्या चार जागांपैकी दोन जागा औषध आणि प्रयोगवही यांनी अडवल्या, तर गणिताला उरणार किती?

आता खरी गंमत ऐका. मन शांत होण्यासाठी काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही! अमेरिकेतील मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अपुऱ्या कामांच्या विचारांनी लोकांच्या वाचनात व्यत्यय आणला. पण ज्यांना ते काम कसे करायचे याचा नेमका बेत लिहायला लावला, त्यांच्या मनातला तो व्यत्यय निघून गेला. काम तर अजून झालेलेच नव्हते. २०१८ मध्ये बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर आणखी एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी उद्या-परवा करायच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटे आधी झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. हा प्रयोग लहान होता, हे खरे. पण दिशा तीच दिसते. मनाला काम संपल्याची नव्हे, तर ते विसरले जाणार नाही याची खात्री हवी असते.

दुकानदाराची युक्ती

ही युक्ती आपल्याला नवी नाही. किराणा दुकानदाराकडे पाहा. दिवसभरात शंभर गिऱ्हाइके येतात. कोणी रोख देतो, कोणी उधारी ठेवतो. दुकानदार हे डोक्यात ठेवतो का? नाही. घडेल तसे तो रोजकीर्दीत टिपतो आणि सवडीने प्रत्येकाच्या खात्यावर चढवतो, त्याला खतावणी म्हणतात. पेशव्यांच्या दफ्तरातही रोजनिशी लिहिली जात असे. लिहून ठेवल्यावर लक्षात ठेवण्याचे काम कागदाचे होते आणि डोके विचार करायला मोकळे राहते.

तुमची टिपणवही अशीच असावी. खिशात मावेल अशी चिमुकली वही पुरे. तिचे नियम चारच आहेत.

पहिला नियम : जे आठवेल ते त्याच क्षणी लिहा. अभ्यास, औषध, शेळी, मित्राचे परत करायचे पुस्तक, सारे एकाच ठिकाणी. ही तुमची रोजकीर्द.

दुसरा नियम : प्रत्यक्ष हाताने करता येईल अशी कृती लिहा. 'विज्ञान' हे काम नव्हे, ती धास्ती आहे. 'प्रकाशाचे अपवर्तन : चार उदाहरणे सोडवणे' हे काम आहे.

तिसरा नियम : कामापुढे घड्याळाची वेळ लिहू नका, प्रसंग लिहा. 'पाण्याच्या रांगेत : इंग्रजीचे शब्द.' 'वीज असताना : भूमिती.' 'भाऊ झोपल्यावर : मराठीचा निबंध.' ही आपली खतावणी. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अशा 'जर-तर' बेतांचा अभ्यास केला आहे. नाताळच्या सुटीत एक अहवाल लिहायला सांगितलेल्या विद्यार्थ्यांपैकी, केव्हा आणि कुठे लिहिणार हे आधीच ठरवलेल्यांपैकी दहांत सुमारे सात जणांनी तो वेळेत लिहिला. न ठरवलेल्यांत हे प्रमाण दहांत सुमारे तीन होते. घड्याळ चुकेल, पण पाण्याची रांग कधी ना कधी लागणारच! ती लागली की काम आपोआप आठवते.

चौथा नियम : रात्री पाच मिनिटे वही चाळा आणि उद्याची तीन कामे निवडा. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी म्हणा, सगळी वही तपासा. जे करायचेच नाही ते निर्भयपणे खोडा.

मोबाईलवरही अशी यादी करता येते. पण यादी लिहिण्यासाठी उघडलेला मोबाईल आपल्याला भलतीकडेच नेतो. वही नेत नाही.

वही काय करू शकत नाही

येथे कोणी म्हणेल, "ज्या मुलीला रोज चार तास घरकाम आहे, तिला वही देऊन काय होणार?" हा आक्षेप अगदी योग्य आहे, आणि माझ्या मते या विषयाचा गाभाही तोच आहे.

ताण दोन प्रकारचा असतो. एक गोंधळाचा आणि दुसरा ओझ्याचा. वही गोंधळाचा ताण कमी करते, ओझ्याचा एक किलोही कमी करत नाही. 'नीट नियोजन करा म्हणजे सारे जमेल' असे सांगणारे लोक हा फरक विसरतात आणि व्यवस्थेचे ओझे मुलांच्या माथी मारतात. पण वहीचा एक उपयोग असतो. ती ओझे दाखवते. 'मला वेळच मिळत नाही' या वाक्याला घरात कोणी दाद देत नाही. मात्र सात दिवसांच्या कामांची यादी बहीण-भावांपुढे ठेवली, आणि बहिणीकडे अकरा व भावाकडे तीन कामे दिसली, तर वाटणी नव्याने करता येते. वही मग साक्षीदार होते.

म्हणून शिक्षकांनाही एक विनंती आहे. 'नियोजन जमत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी त्या मुलाच्या दिवसात अभ्यासाला जागा किती आहे, हे विचारावे. आणि ही वही कृपा करून तपासू नये, तिला गुण देऊ नयेत. गुण दिले की ती खरी राहणार नाही. पुन्हा रंगीत वेळापत्रकच होईल.

करून पाहा

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवू नये, माझ्याही नाही. पहिले सात दिवस नेहमीसारखे वागा. रोज रात्री फक्त दोन आकडे लिहा. झोपताना मनावरचा ताण ० ते १० पैकी किती, आणि दिवसभरात विसरलेली कामे किती. पुढचे सात दिवस टिपणवही वापरा आणि तेच आकडे लिहीत राहा. शिवाय काही कामांपुढे अंदाजे मिनिटे आणि प्रत्यक्ष लागलेली मिनिटे मांडा. प्रत्यक्ष मिनिटांना अंदाजाने भागा. भागाकार १ पेक्षा मोठा आला तर नवल मानू नका. तो तुमचा गुणक आहे. पुढच्या अंदाजाला त्याने गुणा.

एकट्याच्या चौदा दिवसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्या आठवड्यात चाचणी नव्हती म्हणूनही ताण कमी झाला असेल. सगळ्या वर्गाने मिळून प्रयोग करा. नाणे उडवून निम्म्यांनी आधी वही वापरावी, निम्म्यांनी नंतर, आणि मग सरासरी काढून पाहावी.

वहीने काहीच फरक पडला नाही असे आढळले, तर ती खुशाल बाजूला ठेवा. तोही एक निष्कर्षच आहे. आणि फरक पडला, तर भिंतीवरचा तो रंगीत कागद उतरवा. त्याची मागची बाजू कोरी आहे. चार घड्या घालून कापला की त्याचीच पहिली वही होईल.