सेलवर छापलेला आकडा आणि मोजलेला आकडा

दिल्लीत आर. के. पुरममधील माझ्या टेबलावर एक लहानसा चार्जर आहे. तो सेल भरतो. शिवाय पूर्ण भरलेला सेल ठरावीक विद्युतप्रवाहाने रिकामा करून त्याची क्षमताही मोजतो. यामागचे तत्त्व शालेय आहे: प्रवाह गुणिले वेळ. ५०० मिलिअँपिअरचा प्रवाह ४ तास टिकला, तर क्षमता २००० मिलिअँपिअर-तास, म्हणजेच ७२०० कूलोम.

मोजणी मात्र सेल रिकामा होतानाचीच धरावी. निकेल-मेटल हायड्राइड सेल भरताना काही विद्युतभार उपप्रक्रियांत खर्ची पडतो, सेल तापतो आणि भरतानाचा आकडा फुगतो. प्रवाह, तापमान व मोजणी थांबवण्याचे व्होल्टेज सांगितल्याखेरीज क्षमतेला अर्थ नाही. दिल्लीच्या जानेवारीतील गार खोलीत तोच सेल मे महिन्यापेक्षा कमी क्षमता दाखवतो.

बाजारात १८६५० आकाराच्या लिथियम-आयन सेलवर ‘९९००’ असे बिनदिक्कत छापलेले आढळते. या आकाराचे नामांकित सेलही सहसा ४००० मिलिअँपिअर-तासांपलीकडे जात नाहीत. प्रकल्पासाठी असे सेल घेणारा विद्यार्थी पैसे तर गमावतोच. शिवाय एकसर जोडणीतला दुबळा सेल इतरांआधी रिकामा होऊन बिघडतो.

म्हणून प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत असा एक चार्जर हवा, असे माझे मत आहे. देशाची मापनप्रमाणे जपणारी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा याच शहरात आहे. पण मोजल्याशिवाय आकडा न स्वीकारण्याची सवय शाळेतच लागावी लागते.