बिनतारी देवाणघेवाण आणि पेढीचे दफ्तर

रोजमेळ आणि खतावणी लाल कापडाच्या वहीतून संगणकात गेल्यास आता बराच काळ लोटला. बिलाचे छायाचित्र मात्र मोबाईलमध्ये असते आणि ते संगणकात नेण्यासाठी बहुतेक पेढ्यांवर व्हॉट्सॲपचाच आधार घेतला जातो. तेथे साध्या रीतीने पाठविलेले छायाचित्र आकसते व बारीक अंक पुसट होतात. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ रूपात पोहोचते.

शेजारच्या टेबलावर फाईल न्यायची, तर इंटरनेटची गरजच नाही. अँड्रॉइड फोन व विंडोज संगणक यांच्यात गूगलचे क्विक शेअर चालते, ॲपलच्या उपकरणांत एअरड्रॉप. ब्लूटूथने जवळचे उपकरण हुडकायचे आणि प्रत्यक्ष माल वाय-फायच्या लहरींवरून न्यायचा, ही त्यांची रीत. निव्वळ ब्लूटूथवर सोपविले, तर मोठी फाईल पोहोचेपर्यंत चहा निवतो. शेअरइट व झेंडर ही एकेकाळची लोकप्रिय ॲप २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये होती. जुन्या फोनमध्ये ती राहिली असल्यास काढून टाकणेच इष्ट.

खरी चिंता निराळीच आहे. दुकानाच्या वाय-फायचा पासवर्ड गिऱ्हाइकालाही सांगितला जातो आणि त्याच जाळ्यावर खतावणीचे फोल्डर सर्वांना खुले असते. तिजोरीची किल्ली गल्ल्यावर ठेवण्याचाच हा प्रकार! मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम विंडोजच्या फाईल-वाटप व्यवस्थेतील त्रुटीतून एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत दीडशे देशांत पसरला. फायली कुलूपबंद झाल्या, खंडणी मागितली गेली. मायक्रोसॉफ्टने त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ‘अपडेट नंतर पाहू’ म्हणणारेच प्रामुख्याने सापडले.

म्हणून गिऱ्हाइकांसाठी राउटरवर वेगळे ‘गेस्ट’ जाळे असावे. फोल्डर केवळ मुनीम व मालक यांच्या नावे, पासवर्डसह खुले करावे. क्विक शेअर वा एअरड्रॉप ‘सर्वांना’ खुले ठेवू नये. अनोळखी नावाने आलेली फाईल स्वीकारू नये.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तेवढ्या काळात फोन दोनदा तरी बदलतो. त्यामुळे बिले मोबाईलमधून संगणकात आणि तेथून एका वेगळ्या हार्ड डिस्कवर दर आठवड्याला उतरवून, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.