पंचनामा मातीचाही करा

सोयाबीन उगवले नाही की आपल्याकडे संशय दोघांवरच जातो: बियाण्यावर, नाहीतर पावसावर. २०२० च्या खरिपात मराठवाड्यातून उगवणीच्या हजारो तक्रारी आल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ते योग्यच झाले. पण पंचनाम्याला आलेले पथक एक प्रश्न क्वचितच विचारते: या वावरात गेल्या हंगामात कोणते तणनाशक मारले होते?

हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न आता टाळता येणार नाही. सेनगाव, कळमनुरी, औंढा, कुठेही जा, खुरपणीला मजूर मिळत नाही. सोयाबीन वीस दिवसांचे झाले की पंप पाठीवर चढतो, त्यासाठी शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. मात्र त्या टाकीतले इमाझेथापायर हे तणनाशक फवारणीनंतर लगेच संपत नाही. ते मातीत उरते, मुळांवाटे रोपात शिरते आणि वाढीला लागणारी काही अमिनो आम्ले तयार होऊ देत नाही. सोयाबीन ते पचवते, त्यानंतर पेरलेल्या ज्वारीला ते जमत नाही. ज्वारीचे बी कोंब काढते, पण मुळे आखूड राहतात, रोप पिवळे पडून खुजे होते. अमेरिकेतील लेबलवर या औषधानंतर ज्वारी पेरायला १८ महिन्यांचे अंतर सांगितले आहे. तिथले हवामान वेगळे, हे मान्य. आपण मात्र जुलैत फवारतो आणि ऑक्टोबरात ज्वारी पेरतो. हे अवशेष जिवाणू संपवतात आणि जिवाणूंना ओल लागते. म्हणजे पावसाने ओढ दिलेल्या वर्षी धोका सर्वांत मोठा.

पेरणीनंतर लगेच मारायच्या औषधांची गत निराळी. पेंडीमिथॅलीन मुळांच्या टोकाशी पेशींचे विभाजन थांबवते. प्रमाण चुकले किंवा फवारणीवर जोराचा पाऊस झाला, तर तणासाठी मारलेले औषध पिकाच्याच कोंबाला भिडते. २,४-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला तर पाने चिरफाळून भेंडीच्या पानांसारखी होतात. हळदीचे कोंब वर आल्यावर ग्लायफोसेट पडले तर बेण्यासकट वर्ष जाते.

मृदा आरोग्य पत्रिका १२ घटक तपासते. त्यात तणनाशकाच्या अवशेषाला जागा नाही. ही सरकारी चूक आहे आणि ती दुरुस्त झालीच पाहिजे. कृषी विभागाने उगवणीच्या प्रत्येक तक्रारीत मागील दोन हंगामांच्या फवारणीची नोंद सक्तीची करावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने रब्बीपूर्वी गावोगावची माती तपासून द्यावी.

तोवर शेतकऱ्यांनी थांबू नये. एका कुंडीत फवारलेल्या वावरातली माती घ्या, दुसरीत न फवारलेली, दोन्हींत एकाच पिशवीतली ज्वारी पेरा. पंधरा दिवसांनी रोपे उपटून मुळे पाहा आणि मगच त्या वावरात काय पेरायचे ते ठरवा.