‘मीन’ आणि ‘म्हणजे’ : एका उसन्या वादाविषयी

कवितेचा अर्थ कवीचा की वाचकाचा, हा प्रश्न मराठी समीक्षेत इतक्या सहजपणे विचारला जातो की तो मुळात कोणत्या भाषेत उभा राहिला, याची चौकशी कोणी करीत नाही. ज्या इंग्रजी क्रियापदाभोवती हा सारा वाद फिरतो, त्या ‘मीन’च्या जागी मराठी अभ्यासकांनी सरसकट ‘अर्थ’ हे नाम बसवले. भाषांतराला ही बदली सोयीची ठरली. विचाराला ती महागात पडली आहे.

‘मीन’चा व्यवहार पाहावा. इंग्रजीत ढग पाऊस ‘मीन’ करतात, शब्द एखादी वस्तू ‘मीन’ करतो, बोलणारा त्याच शब्दाने आणखी काही ‘मीन’ करतो. कोणी उद्या येण्याचे ‘मीन’ करतो आणि एखादी कविता एखाद्याला फार काही ‘मीन’ करते. सूचन, वाच्यार्थ, विवक्षा, इरादा, मोल : व्यवहार पाच, क्रियापद एक. पॉल ग्राइस यांनी १९५७ च्या आपल्या निबंधात यातला एक सांधा उकलला. अंगावरचे पुरळ गोवर ‘मीन’ करते आणि बसमधल्या तीन घंटा बस भरल्याचे ‘मीन’ करतात, ही त्यांची उदाहरणे. गोवर नसेल तर पुरळाने गोवर ‘मीन’ केलाच नव्हता असे म्हणावे लागते. घंटा मात्र कंडक्टरने चुकून वाजवल्या तरी त्यांचा अर्थ टळत नाही.

मराठी आपला सांधा दुसऱ्याच जागी ठेवते. ‘हे पुरळ म्हणजे गोवर’ आणि ‘तीन घंटा म्हणजे बस भरली’ ही वाक्ये एकाच साच्यात बसतात; ग्राइस यांचा भेद येथे व्याकरणात उमटत नाही. पण घंटेवरून कंडक्टरकडे वळताच रचना बदलते : ‘कंडक्टरला म्हणायचे आहे’. ‘म्हणजे’ हे जुन्या मराठीतील ‘म्हणिजे’ या कर्मणी रूपाचे वंशज, ‘म्हटले जाते’ अशा भावाचे. कोणाकडून, हे सांगायला त्यात जागाच नाही. ‘म्हणायचे आहे’ला मात्र चतुर्थीतला माणूस लागतोच. धातू एकच, एका वाटेने म्हणणारा लोप पावतो, दुसऱ्या वाटेने त्याच्यावाचून पाऊल पडत नाही. (१९६७ मध्ये हुसर्लची चिकित्सा करताना देरिदा यांनी जर्मन ‘बेडॉयटेन’ला ‘व्हुलवार दीर’, शब्दशः ‘म्हणू इच्छिणे’, हा फ्रेंच प्रतिशब्द योजला. ‘म्हणायचे असणे’ हा त्याचा सख्खा भाऊ घरात असताना ती चर्चा ‘अर्था’वर नेली, की तिच्यातली इच्छाच गळून पडते.)

इंग्रजीत कविता आणि कवी हे दोघेही त्या एकाच क्रियापदाचे कर्ते होऊ शकतात. म्हणून ते एकाच मालमत्तेचे दोन दावेदार भासतात. विम्झट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कवीचा दावा फेटाळला. हर्श यांनी १९६७ मध्ये मोल तेवढे बाजूला काढून अर्थ लेखकाच्या स्वाधीन केला. नॅप आणि मायकल्स यांनी १९८२ मध्ये अर्थ आणि लेखकाचा हेतू या दोन गोष्टीच नव्हेत असे सांगितले. या शेवटच्या प्रतिपादनाची ताकद बरीचशी ‘मीन’ची आहे. ते मराठीत मांडून पाहावे : ‘ही ओळ म्हणजे अमुक’ आणि ‘कवीला अमुक म्हणायचे आहे’ ही एकच गोष्ट होय, हे विधान सिद्ध करावे लागेल, गृहीत धरता येणार नाही.

यावर आक्षेप येईल की हा वाद संस्कृतातही होता, आणि तेथे ‘मीन’ नव्हते. आक्षेप रास्त आहे. नैयायिकांनी तात्पर्य वक्त्याच्या इच्छेत पाहिले. वेद अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांना तसे करणे शक्यच नव्हते, तरी तात्पर्य त्यांनी सोडले नाही. परंतु दोन्ही पक्षांपाशी ‘अर्थ’ आणि ‘तात्पर्य’ अशा दोन संज्ञा होत्या. भांडण त्यांच्यातील संबंधाचे होते. आजच्या मराठी प्रबंधांतून ‘अभिप्रेत अर्थ’ ही जोडसंज्ञा दोहोंना एकत्र शिवून टाकते आणि ‘कोणाला अभिप्रेत?’ हा प्रश्न त्या शिवणीत दबून जातो.

मराठीला हा विवेक नवा नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) गीतेचे तात्पर्य ठरवण्यासाठी मीमांसकांच्या कसोट्या पुढे ठेवल्या : उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. या सर्व कसोट्या ग्रंथाच्या रचनेला लावायच्या आहेत. कर्त्याच्या मनात शिरण्याची गरज एकीलाही पडत नाही. त्यांचा निष्कर्ष मान्य असो वा नसो, गीतेचा काळ आणि महाभारताशी तिचा संबंध या चर्चेला त्यांनी ‘बहिरंग’ म्हटले आणि तिची जागा परिशिष्टात ठेवली.