नाव खोडू नका, रकाना खोडा

"तुमचा सीव्हीच कच्चा आहे." नोकरी न मिळालेल्या आमच्या पोरांना हे वाक्य आता पाठ झाले आहे. हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच ते घातक आहे.

नगर-मनमाड रस्त्यावर नागापूर एमआयडीसीच्या कुठल्याही गेटवर सकाळी उभे राहा. आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं हातात बायोडाट्याची झेरॉक्स घेऊन उभी दिसतील. तो कागद वाचा. वर फोटो, मग वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वस्तीसकट पूर्ण पत्ता. अर्धे पान माणूस कोणाच्या पोटी जन्मला यात जाते आणि त्याला काय येते यासाठी उरते एक ओळ : "फिटर, आयटीआय पास." हा अर्ज नोकरीचा आहे की सोयरिकीचा?

जातीचा रकाना सरकारी अर्जात भरायचा असतो, कारण तिथे संविधानाच्या कलम १६(४) मुळे त्या रकान्यातून हक्क मिळतो. खाजगी कारखान्यात आरक्षण नाही. मग तिथे जात लिहून आपल्याला काय मिळते? काहीच नाही. मिळते ते फक्त कागद बाजूला सारणाऱ्याला. म्हणून खाजगी अर्जातून तो रकाना काढा. ही लपवालपवी नव्हे. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देणे, एवढेच ते आहे.

"पण आडनावाचे काय?" हा प्रश्न खोटा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी दैनिकांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. जाहिराती ५४८, अर्ज ४,८०८. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आले : उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. सीव्ही पक्का होता, तरीही! मेरिटचे ढोल बडवणाऱ्यांनी आधी या आकड्यांचे उत्तर द्यावे.

यावर काही शहाणे आडनाव बदलायचा सल्ला देतात. आम्हाला तो मान्य नाही. दोष वाचणाऱ्याच्या नजरेत आणि शिक्षा लिहिणाऱ्याच्या बापजाद्यांना, हा कुठला न्याय? कोणी नाइलाजाने बदलले तर त्याला आम्ही हिणवणार नाही. पण चळवळीचा सल्ला तो असू शकत नाही.

दुसरीकडे आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "व्यवस्थाच जातीयवादी, सीव्ही सुधारून काय दिवे लागणार?" त्यांनी बाबासाहेबांकडे पाहावे. १९१७ साली कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, नोकरी सोडून परतावे लागले. पात्रतेने जात हरत नाही हे त्यांच्याइतके कोणाला कळले? तरीही त्यांनी पुन्हा अर्ज केला आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून कुरबुर झालीच. अर्जही करायचा आणि लढायचेही, ही त्यांची रीत. एकातून दुसऱ्याला सुट्टी नाही.

म्हणून मित्रांनो, कागद पक्का करा. "मेहनती, प्रामाणिक" ही विशेषणे काढा, काम लिहा. कोणते मशीन, किती महिने, कोणता जॉब. ड्रॉइंग वाचता येते का, मायक्रोमीटरने माप घेता येते का, ते लिहा. अ‍ॅप्रेंटिसशिप हा अनुभवच आहे, तो गाळू नका. ठेकेदाराकडचे काम लिहायला लाजू नका. पीएफ कापला गेला असेल तर यूएएन खात्यात ते महिने नोंदलेले असतात, पुरावा तिथे आहे. जयंती समितीचा हिशेब चोख ठेवला असेल तर तेही कौशल्य आहे. समितीचे नाव लिहायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. पत्ता म्हणून "नागापूर, अहिल्यानगर" पुरे. एक पान, फार तर दोन. जाहिरातीत जे मागितले ते सर्वांत वर.

आणि कार्यकर्त्यांनो, तुमचे काम यापुढे सुरू होते. वस्तीत एक वही ठेवा. कोणी, कधी, कुठल्या जागेसाठी अर्ज केला, सोबतच्या सारख्याच पात्रतेच्या कोणाला बोलावले, कोणाला नाही. एका पोराचा नकार हे त्याचे नशीब ठरवले जाते, शंभर नकारांची नोंद मात्र पुरावा ठरते. ती वही घेऊन मागणी करा : पहिली छाननी नाव झाकून, फक्त क्रमांकावर करा. मेरिटवर एवढा विश्वास आहे ना? मग नाव कशाला वाचायचे?

नागापुरावरून जाणारा रस्ता मनमाडला पोहोचतो. तिथेच फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी रेल्वे कामगारांना त्यांचे दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. कारखान्याच्या टेबलावर अर्जांची चळत चाळली जाते, तेव्हा हे दोघे एकाच खुर्चीत बसलेले असतात. त्यांच्यासमोर आपला कागद कच्चा नको आणि मानही खाली नको.

जय भीम!