भाताचं पातेलं रंगाला देऊ नका

शहापूर आणि मुरबाडकडच्या वस्त्यांत बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक नवा विषय निघतो. टकळीवर सूत कातायचं, पळसाच्या फुलांत नाहीतर हिरड्यात ते रंगवायचं आणि लाकडी चौकटीवर ताणा बांधून भिंतीवर टांगायची छोटी चित्रं विणायची. घरात बसून होणारं काम आहे, त्यासाठी पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जावं लागत नाही. म्हणून आम्ही या कामाच्या बाजूने आहोत. पण शिकवायला येणारे "सगळं नैसर्गिक आहे, काही अपाय नाही" असं सांगून जातात, ते आम्हाला मान्य नाही.

अशाच एका बैठकीनंतर आम्ही एका ताईंच्या घरी गेलो. चुलीवर सूत उकळत होतं. त्याच पातेल्यात रात्री भात शिजणार होता. शेजारी कागदाच्या पुडीत मोरचूद, आणि दोन वर्षांचं पोर त्या निळ्या खड्यांकडे खडीसाखर असल्यासारखं बघत होतं.

फुलं नैसर्गिक खरी, पण नुसत्या फुलांचा रंग सुतावर टिकत नाही. तो धरून ठेवायला तुरटी, हिराकस, मोरचूद असं काहीतरी लागतं. त्यात तुरटी बरी. मोरचूद विषारी आहे. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. गरोदरपणात लोहाची गोळी आपण घेतोच, पण हिराकस काय किंवा त्या गोळ्या काय, लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. असं झालं तर घरी उलटी काढत बसू नका, पुडी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. आणि क्रोमचे नारिंगी खडे कोणी दिले तर परत करा. त्याने कर्करोग होतो.

आणखी एक सवय. सुताचं टोक ओठांत धरून ओलं करायची. रंगवलेल्या सुताला ती नको.

यावरून गिरण्यांची गोष्ट आठवते. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. त्याला थुंकी लागते, म्हणून आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथली मजुरी चांगली, ती आपल्या वाट्याला नाही. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे खातं अस्पृश्य कामगारांना खुलं करा, ही मागणी लावून धरली. शंभर तोंडांना लागलेला धोटा सगळ्यांच्याच आरोग्याला वाईट होता. पण हरकत निघाली ती विटाळाची, आजाराची नाही.

आता विणकाम आपल्या दारी आलं आहे, तर आजाराचं आपणच विचारायला हवं. आणि पाण्याचंही. सूत आधी उकळून धुवायचं, मग तुरटीत, मग रंगात, मग पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा धुवायचं. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि शहापुरातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. रंगाला लागणारा हंडा ज्या बाईच्या डोक्यावर येतो, तिच्या अंगात आधीच रक्त कमी. चित्राचा दर ठरवताना विणायचे तास धरतात, हंड्याच्या खेपा कोणी धरत नाही. पळस फुलतो शिमग्याच्या सुमाराला, नेमका विहिरी आटायला लागतात तेव्हा. फुलं सावलीत वाळवून ठेवा, रंगकाम दिवाळीच्या आगेमागे करा. रंगाचं पाणी विहिरीपासून लांब ओता. कापूस पिंजायचा तो अंगणात, तोंडाला फडकं बांधून. खोलीत दम्याचं माणूस असेल तर मुळीच आत नको.

वेगळं पातेलं, वेगळी ढवळायची काठी, रबरी हातमोजे आणि कुलूप लागणारा डबा. हा खर्च गटातल्या बायकांनी का करावा? जो ऑर्डर देतो त्याने सुताबरोबर हेही द्यावं. पुढच्या बैठकीत दराच्या आधी हे लिहून घ्या.